पुसलेली बोटे

“नोरीन, ही रांग नव्हे गं, ही वस्ती आहे,” डॉट आपल्या सुटकेसवर बूड टेकत म्हणाली. “आता इथे लग्नं लागतील, पोरं होतील, आणि सगळं झालं की मला इथेच पुरतील.”

“गुडघा कसा आहे?”

“आहे जागेवर. त्याला कुठे जायचंय.”

नोरीन कार्टलिज टाचा उंचावून पुढे पाहत होती. खांबांना ताणलेल्या पट्ट्यांमधून वळणे घेत गेलेली रांग जिथे संपत होती तिथे पासपोर्ट तपासणाऱ्यांच्या काचेच्या आठ खिडक्या होत्या. आठांपैकी दोन उघड्या होत्या. त्यांच्या अलीकडे फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे ओळीने उभी होती, आणि त्यातल्या निम्म्यांवर कागद चिकटवलेला होता. कागदावर काय लिहिले असेल ते कळायला स्पॅनिश यायची गरज नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. मँचेस्टरचे विमान बारा पाचला सुटणार होते आणि त्याचे दार अकरा पस्तीसला बंद होणार होते. गेल्या पंचवीस मिनिटांत या दोघी एक वळण पुढे सरकल्या होत्या. अजून सहा वळणे बाकी होती.

“पोचत नाही आपण,” डॉट म्हणाली.

“पोचायचंय,” नोरीन म्हणाली.

दोघींची ओळख पन्नास वर्षांची. स्टोकमधल्या चिनी मातीच्या कारखान्यात डॉट टॅम्स कपांना कान चिकटवायची आणि तिच्या शेजारच्या बाकावर नोरीन ते कप ओल्या स्पंजने पुसायची. साच्याची रेघ, कानाच्या सांध्यावर उरलेली माती, काठावरचा एखादा कंगोरा, सगळे बोटांच्या टोकांनी चाचपायचे आणि भट्टीत जाण्याआधी गुळगुळीत करायचे. एक्केचाळीस वर्षे नोरीनने हेच केले. तिने पुसलेल्या कपांतून किती जणांनी चहा प्यायला असेल याचा विचार तिने कधी केला नाही. कारखाना बंद झाला त्या दिवशी तिने स्पंज धुऊन, पिळून नळावर वाळत घातला आणि ती घरी आली, कारण घरी नेव्हिल होता.

नेव्हिल तिचा धाकटा भाऊ. वय एकसष्ट, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाची. आई गेली तेव्हा नातेवाइकांनी एकमेकांकडे पाहिले आणि नोरीनने नेव्हिलचा कोट खुंटीवरून काढला. लग्नाचे वगैरे तेव्हाच मागे पडले होते, त्यामुळे कुणाला विचारायचे नव्हते. तेव्हापासून एकोणीस वर्षे दोघे एका घरात राहत होते. नेव्हिलचा एकच हट्ट असायचा. जी वेळ सांगितली ती पाळायची. अकरा वर्षांपूर्वी डोळे तपासून येताना नोरीनची बस रस्त्यात बंद पडली आणि तिला दोन तास उशीर झाला. नेव्हिल चपला घालून तिला शोधायला बाहेर पडला. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, गाड्यांच्या मधोमध, तो एका ट्रकवाल्याला सापडला. तो रडत नव्हता. प्रत्येक गाडीत वाकून पाहत होता. त्यानंतर नोरीनने कधी उशीर केला नाही.

यंदा तिला सत्तर पुरी झाली आणि समाजसेवेच्या कचेरीतली बाई घरी येऊन स्पष्टच बोलली, “तुमच्यामागे याचं काय? एखादा आठवडा तरी त्याला दुसरीकडे राहायची सवय करा.” डॉटने ते ऐकले आणि दोन दिवसांत स्पेनची तिकिटे काढून आणली. नेव्हिलला रोवन बँक नावाच्या, त्याच्यासारख्यांची काळजी घेणाऱ्या निवासात ठेवले. निघताना नोरीनने त्याला सांगितले होते, “रविवारी पाच वाजता. संध्याकाळच्या जेवणाच्या आधी मी दारात.” त्याने ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतले होते.

आज रविवार होता. मँचेस्टरचे पुढचे विमान बुधवारी होते.

* * *

पिवळे जाकीट घातलेली एक विशीतली मुलगी मधूनच यायची, “ब्रिस्टल, ब्रिस्टल,” असे दोनदा ओरडायची आणि दिसेनाशी व्हायची. ओरडणे ऐकून रांगेतले पाचपन्नास लोक एकदम हलायचे, पट्ट्यांत अडकायचे, एकमेकांवर करवादायचे आणि पुन्हा जागच्या जागी उभे राहायचे. तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा नोरीनने तिच्या बाहीला हात लावला.

“पोरी, एक विचारू? ज्यांची विमानं आधी आहेत त्यांना आधी काढता नाही का येणार?”

“मला काही अधिकार नाही हो, सेन्योरा. मला नुसतं ओरडायला ठेवलंय.”

“मग मी विचारत फिरले तर चालेल?”

मुलीने मागे वळून खिडक्यांकडे पाहिले. “तुम्ही काय केलंत ते मी बघितलं नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

नोरीनने आपली पर्स डॉटच्या मांडीवर ठेवली.

“कुठे निघालीस?” डॉटने विचारले.

“चौकशीला.”

“तू? दुकानात सुटे पैसे कमी दिले तरी तू गप्प घरी येतेस.”

ते खरे होते. नोरीनला आवाज चढवणे कधी जमले नव्हते, म्हणून तिने तो चढवलाच नाही. पट्टीखालून वाकून ती एकेकासमोर जाऊन उभी राहिली आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत गेली.

“माफ करा हं, राजा. तुमचं विमान कितीचं?”

पहिला माणूस दचकला. त्याला वाटले, ही विमानतळाचीच कुणी असावी. “एक वीस,” तो म्हणाला.

“मग तुम्ही डाव्या अंगाला उभे राहाल का? उजवीकडून जरा वाट हवीय. आणि तुमचं, बाई? सव्वाअकरा? अहो, मग अशा गप्प काय उभ्या आहात? चला पुढे.”

अर्ध्या वळणातच तिला समजले की लोकांना पुढे जायची जितकी घाई आहे त्यापेक्षा कुणीतरी काही सांगावे याची तहान जास्त आहे. तासभर उभ्या राहिलेल्या त्या गर्दीला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. तिने विचारले की लोक पटापट वेळ सांगत, शेजाऱ्याची सांगत, मागच्याला हाक मारून त्याचीही सांगत. ब्रिस्टलला जाणारा एक तरुण बाप दोन लहान मुलींना घेऊन पार मागच्या वळणावर होता. धाकटीला शू लागली होती आणि जागा जाईल म्हणून तो तिला नेत नव्हता. “जा तू,” नोरीनने त्याला सांगितले. “परत आलास की थेट पुढे ये. कुणी अडवलं तर म्हण, पांढऱ्या केसांच्या बाईनं सांगितलंय.”

“पांढऱ्या केसांच्या बायका इथे शंभर आहेत हो,” तो हसून म्हणाला.

“मग कुणी अडवणारच नाही.”

चौथ्या वळणावर अडथळा आला. गॉल्फ क्लबचे नाव छापलेली मोठी पिशवी खांद्याला लावलेला एक उंच माणूस वाट अडवून उभा होता.

“मी सकाळी आठपासून विमानतळावर आहे,” तो म्हणाला. “माझ्यापुढे कुणी जाणार नाही.”

“आठपासून म्हणजे पाय भरून आले असतील तुमचे. विमान कितीचं?”

“त्याच्याशी तुमचा काय संबंध?”

“काहीच नाही. पण या पोराचं अकरा चाळीसचं आहे, आणि त्याच्या पोरी बघा.”

“आणि हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?”

“कुणीच नाही,” नोरीन म्हणाली. “कुणी असतं तर मी कशाला मधे पडले असते?”

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. तो माणूस लाल झाला. त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “एक चाळीस,” तो पुटपुटला.

“मग तुम्हाला वेळ आहे. माझं बारा पाचचं आहे, म्हणजे तुम्ही माझ्याही मागे येता. पण तुम्ही इथेच राहा. उंच आहात. पुढची तिसरी खिडकी उघडली की मला सांगा.”

काय वाटले कोण जाणे, पण तो बाजूला झाला आणि ब्रिस्टलवाला बाप मुलींना घेऊन पुढे गेला. त्यानंतर त्या उंच माणसाने हे काम स्वतःहून अंगावर घेतले. “चष्मे काढा, टोप्या काढा, पासपोर्ट फोटोच्या पानावर उघडून ठेवा,” असे तो मोठ्या आवाजात सांगू लागला, कारण दर माणसामागे निम्मा वेळ त्यातच जात होता हे त्याला वरून दिसत होते. लोकांनी चष्मे काढले. पावणेअकराला आत काहीतरी बोलणे झाले असावे, कारण तिसऱ्या खिडकीत दिवा लागला.

“उघडली,” तो तिच्याकडे पाहून म्हणाला.

नोरीन परत आली तेव्हा डॉट न्याहारीच्या वेळी रुमालात बांधून आणलेले हॅमचे सँडविच खात बसली होती. तिने अर्धे पुढे केले.

“सगळ्या जगाला पुढे काढलंस,” डॉट म्हणाली. “आधी होती त्यापेक्षा जास्त माणसं आता आपल्यापुढे आहेत.”

“आहेत. पण रांग चालायला लागलीय.”

रांग खरोखरच चालत होती. डॉटला सुटकेसवर बसायला सवड मिळेना. ती बसली की उठावे लागे, उठली की गुडघा कुरकुर करी, आणि मग ती गुडघ्याशीच बोलू लागली. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्या शेवटच्या वळणावर होत्या.

आणि तिथे पोचल्यावर नोरीनने आपल्या बोटांकडे पाहिले. तिची खरी भीती आता समोर होती.

पूर्वी इंग्रजांना इथून परतताना पासपोर्ट नुसता दाखवावा लागे. आता नवीन नियमाप्रमाणे परक्या माणसाचा चेहरा आणि उजव्या हाताची चार बोटे येताना नोंदवून घेत आणि जाताना ताडून पाहत. आठवड्यापूर्वी इथे उतरल्यावर नोरीनने यंत्राच्या काचेवर सहा वेळा बोटे ठेवली होती आणि सहाही वेळा यंत्राने लाल दिवा दाखवला होता. तिच्या बोटांना रेघाच नव्हत्या. एक्केचाळीस वर्षे मातीने, पाण्याने आणि स्पंजने कप गुळगुळीत केले होते आणि कपांबरोबर बोटेही. तिथला तरुण अधिकारी कंटाळला, त्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, “जाताना बघू.”

त्या ‘जाताना बघू’ने तिचा आठवडा खाल्ला होता. डॉट समुद्रात पाय बुडवून बसायची तेव्हा नोरीन वाळूत स्वतःची बोटे पाहत बसायची. शेवटी गुरुवारी तिने खोली साफ करायला येणाऱ्या रेमेडिओसला सांगितले. रेमेडिओसला थोडेफार इंग्रजी येत होते. तिने ऐकून घेतले, ओला हात फडक्याला पुसला आणि आपली चार बोटे नोरीनच्या बोटांशेजारी गादीवर ठेवली. फरशा पुसण्याच्या औषधाने तिचीही टोके सपाट झाली होती. “माझं ओळखपत्र काढताना पण असाच घोळ झाला होता,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने हॉटेलच्या कागदावर आपल्या भाषेत सहा ओळी लिहून आणल्या. काय लिहिलेय ते तिने बोट ठेवून ठेवून समजावले. या बाईंच्या बोटांचे ठसे कामाने झिजले आहेत. अमुक तारखेला येताना यंत्राने ते घेतले नाहीत. ज्यांना ठसे देता येत नाहीत त्यांच्यासाठी जी पद्धत आहे ती कृपया लावावी.

“अशी पद्धत आहे?” नोरीनने विचारले होते.

“असणारच,” रेमेडिओस म्हणाली होती. “आपल्यासारख्या बायका थोड्या आहेत का?”

* * *

डॉट एका मिनिटात पार झाली. काचेच्या पलीकडे जाऊन ती थांबली.

नोरीनच्या खिडकीत पन्नाशीचा एक अधिकारी होता. चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर सकाळपासूनचा शीण. त्याने खिडकीतल्या ठसे घेणाऱ्या यंत्राकडे बोट केले. नोरीनने बोटे ठेवली. लाल.

“परत.”

लाल.

“जोरात दाबा.”

“जोर लावून नाही उमटणार, साहेब. तिथे काही नाहीच.”

त्याने तिला ओला रुमाल दिला, मग कोरडा दिला, मग डावा हात ठेवायला सांगितला. लाल. लाल. लाल. घड्याळात अकरा वीस झाले होते. त्याने भिंतीलगतच्या बाकाकडे मान हलवली. तिथे सात-आठ माणसे बसलेली होती आणि त्यांच्या बसण्यावरून दिसत होते की ती बराच वेळ बसली आहेत.

“तिकडे बसा. वरिष्ठ येतील.”

“केव्हा येतील?”

त्याने खांदे उडवले.

“मग मी इथेच उभी राहते.”

“मागे लोक आहेत, बाई.”

“आहेत. ते मला ओळखतात.”

अधिकाऱ्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिले. गॉल्फच्या पिशवीचा माणूस तिथवर आला होता. “राहू द्या त्यांना उभं,” तो म्हणाला. “आम्हाला घाई नाही.” त्याच्या मागून आणखी दोघे म्हणाले, नाही घाई.

काचेपलीकडे डॉट हातवारे करत होती. नोरीन तिच्याकडे वळली. “डॉट, तू पुढे हो. तिथे जाऊन त्यांना थांबव.”

“कसं थांबवू?”

“मला काय विचारतेस. तुला गप्प करायला आपल्या मुकादमाला तीस वर्षं जमलं नाही.”

डॉटने क्षणभर तिच्याकडे पाहिले, सुटकेसची मूठ वर ओढली आणि लंगडत निघून गेली.

नोरीनने पर्समधला कागद काढला आणि त्याच्या घड्या उलगडून काचेखालून आत सरकवला. अधिकाऱ्याने चष्मा नाकावर घेतला. कागद एकदा वाचला. मग पुन्हा वाचला.

“हे कुणी लिहिलं?”

“हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईनं.”

“कसलं काम करत होता तुम्ही?”

“कप पुसायची. मातीचे, भट्टीत जायच्या आधी. साहेब, माझी कहाणी सांगून मी तुमचा वेळ घेत नाही. येतानाचा शिक्का सातव्या पानावर आहे. मी पळून जाणार नाही, मी घरीच चाललेय. पद्धत असेल तर लावा आणि नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचारा. पण आत्ता विचारा.”

एवढे एका दमात ती कित्येक वर्षांत कुणा अनोळखी माणसाशी बोलली नव्हती. तिचे कान तापले होते. पण ती जागची हलली नाही.

अधिकाऱ्याने फोन उचलला. चार मिनिटांनी मागच्या दारातून केस घट्ट बांधलेली एक बाई आली. तिने कागद वाचला, नोरीनचा हात काचेखालून आत घेतला आणि चारही टोकांवरून आपला अंगठा फिरवला. अधिकाऱ्याच्या खांद्यावरून वाकून तिने त्याला पडद्यावर कुठे काय दाबायचे ते दाखवले. त्यालाही ते ठाऊक नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. मग शिक्का पडला.

“पुढच्या वेळी हा कागद आधी द्या,” तो म्हणाला.

“पुढची वेळ बहुतेक नाही,” नोरीन म्हणाली. “पण तुम्ही विचारलंत, बरं केलंत.”

अकरा एकतीस.

* * *

दार पार दुसऱ्या टोकाला होते. नोरीन धावली नाही, धावणे आता तिच्या अंगात नव्हते. पण कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत फाटक गाठायची जी चाल होती, ती पायांना अजून आठवत होती. शेवटच्या वळणावरच तिला डॉटचा आवाज आला.

डॉटने आपली पर्स काउंटरवर पालथी घातली होती. विणकामाचा गुंडा, गोळ्यांची डबी, कवळीची डबी, उरलेले सँडविच, तीन कंगवे. त्या पसाऱ्यामागे निळ्या गणवेशातली मुलगी हताश होऊन उभी होती.

“बाई, पासपोर्ट तुमच्या हातातच आहे,” ती म्हणत होती.

“हा नव्हे गं. दुसरा.”

“तुमच्याकडे दोन पासपोर्ट आहेत?”

“जुना. त्याच्यात माझा फोटो छान आलाय. तुला दाखवते थांब.”

“अकरा छत्तीस झाले, मला दार लावायचंय.”

“लाव की. पण माझी कवळी तुझ्या बाजूला गेली, तेवढी दे आधी.”

मुलगी कवळीची डबी उचलायला वाकली आणि नोरीन काउंटरला टेकली. तिने पासपोर्ट आणि तिकीट पुढे केले. मुलीने आधी तिच्याकडे पाहिले, मग डॉटकडे पाहिले आणि सगळे तिच्या लक्षात आले. ती ओठ आवळून हसली आणि यंत्रावर तिकीट टेकवले.

“सापडला का गं तुझा पासपोर्ट?” नोरीनने विमानात बसल्यावर विचारले.

“कुठला? जुना तर मी कधीच जाळला. भयंकर फोटो होता,” डॉट म्हणाली आणि दोन मिनिटांत घोरू लागली.

नोरीनला झोप आली नाही. तिने हात मांडीवर ठेवले होते. आज पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहताना तिला चोरट्यासारखे वाटत नव्हते. मँचेस्टरला उतरल्यावर एका कॅमेऱ्याने तिचा चेहरा पाहिला आणि काचेचे दार उघडले. बोटे कुणी मागितली नाहीत. पुढे आगगाडी मिळाली, टॅक्सी मिळाली. डॉटला तिच्या दारी सोडून नोरीन तशीच सुटकेस घेऊन रोवन बँकला गेली तेव्हा पाचला दहा मिनिटे कमी होती.

* * *

नेव्हिल दारात नव्हता.

पण अबीना, म्हणजे तिथली घानाकडची परिचारिका, जेवणघराच्या दाराशी उभी राहून तिला हाताने बोलावत होती.

आत नेव्हिल टेबलांवर काटे मांडत होता. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढून, प्रत्येक काटा बशीच्या डाव्या बाजूला ठेवून, बोटाने सरळ करून तो पुढच्या खुर्चीकडे जायचा. गळ्यात कुणीतरी त्याला निळा एप्रन बांधला होता.

“नेव्ह,” नोरीन म्हणाली.

त्याने एक बोट वर केले. थांब. ते टेबल पुरे झाल्यावर त्याने मान वर केली.

“आलीस.”

“आले. पाचला दहा कमी आहेत.”

“मला माहितीये. मी घड्याळ बघितलं.” त्याने एक खुर्ची ओढली. “तू इथे बस. ही पाहुण्यांची.”

“बसायचं कशाला? आपल्याला घरी जायचंय ना? कोट कुठे आहे तुझा?”

नेव्हिल विचारात पडला. हातातले काटे त्याने एकदा मोजून पाहिले.

“उद्या सोमवार,” तो म्हणाला.

“हो.”

“सोमवारी पण काटे लावतात.”

नोरीनने अबीनाकडे पाहिले. अबीना जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “पहिले दोन दिवस तो दारापाशीच उभा असायचा. जेवायला पण तिथेच. मंगळवारी मी त्याच्या हातात काटे दिले. तेव्हापासून हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाही. काल एकानं चमचा उलटा ठेवला तर रागावला. शुक्रवारपर्यंत त्याची खोली रिकामीच आहे, नोरीन. पण तुम्ही म्हणाल तसं.”

नोरीन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पट्ट्यांची ती वळणे, लाल दिवे, काचेखालून सरकवलेला कागद, डॉटचा गुडघा, सगळे तिच्या जिभेवर आले. त्यातले काहीच इथे सांगण्यासारखे नव्हते.

“तुला इथे राहायचंय का, नेव्ह?”

“शुक्रवारपर्यंत,” तो लगेच म्हणाला. म्हणजे हे बोलणे त्याच्याशी आधीच झाले होते. “मग तू ये. पाच वाजता.”

“आणि मला उशीर झाला तर?”

नेव्हिलने तिच्याकडे पाहिले, जणू फार सोपे काहीतरी तिने विचारले होते.

“मग थोड्या वेळानं ये,” तो म्हणाला आणि चमचे आणायला आत गेला.

नोरीन जेवायला थांबली. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून तिने वाटाण्याची दाट भाजी आणि खिमा भरलेली पेस्ट्री खाल्ली आणि नेव्हिलने मांडलेला काटा खाऊन झाल्यावर पुन्हा बशीच्या डाव्या बाजूलाच सरळ ठेवला, कारण तो पाहत होता. जेवणानंतर त्याचे कपडे आणखी पाच दिवस पुरतील की नाही हे बघायला ती त्याच्या खोलीत गेली.

वरचा खण तिने ओढला. स्वेटर, पायमोजे, बनियन सगळे त्याने स्वतः लावलेले होते. स्वेटरांच्या घड्या वेड्यावाकड्या, बाह्या बाहेर लोंबणाऱ्या, कडा कशाला कशा न जुळणाऱ्या. तिने सवयीने वरचा स्वेटर उचलला, पलंगावर पसरला आणि एक बाही आत दुमडली. मग थांबली. बाही तिने पुन्हा बाहेर काढली, स्वेटर होता तसाच गोळा करून ठेवला, आणि खण आवाज न करता लावून घेतला.